मका, रिठा आणि ३६ कोकरं

फेब्रुवारीतली सकाळ, साडेसहाचा सुमार. मी पशुवैद्यक; फोनवर आटपाडीकडचा एक तरुण मेंढपाळ होता. "मॅडम, कालधरनं कोकरं तोंड लावंना झाल्यात. रात्री एक गेलं, पहाटं एक. आणि औषधी पावडर तर रोज चालू हाय." शेवटचं वाक्य त्याने मोठ्या विश्वासाने सांगितलं. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं ते त्या वाक्यामुळेच.

माणगंगेच्या अंगाला त्यांची वस्ती आहे. घर धनगराचं. आबांचं साठ-सत्तर मेंढ्यांचं खांड अजून चरणीवर असतं. मुलाने गेल्या वर्षी उंच जाळीची शेड घातली आणि बंदिस्त पद्धतीने कोकरं वाढवून बकरी ईदला विकायचं ठरवलं. पहिलीच खेप ३६ कोकरांची होती. काही बाजारातून आणलेली, काही ओळखीच्या दोन कळपांतून घेतलेली, वय तीन महिन्यांच्या आसपास. बहुतेक माडग्याळ जातीच्या रक्ताची: पोपटासारखं बाकदार नाक, लांब कान, पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग. चौदा-पंधरा किलोंची, बघत राहावं अशी पिल्लं.

मी पोचले तेव्हा सात-आठ कोकरं भिंतीला डोकं लावून उभी होती आणि तीन बसून दात खात होती. शेडखाली पडलेली लेंडी लेंडी राहिलीच नव्हती. राखाडी, फेसाळ, आंबूस वासाचा चिखल झाला होता आणि त्यात मक्याचे अख्खे कण दिसत होते. एका कोकराच्या डाव्या कुशीवर मूठ ठेवून हलवलं, तर अर्ध्या भरलेल्या घागरीसारखं आत पाणी डचमळलं. डोळे खोल गेलेले. चिमटीत धरलेली मानेची कातडी सोडली, तर ती तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी पोटात ओढलं गेलं होतं.

अशा वेळी आंत्रविषार, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणारा रोग, आधी मनात येतो. तोही भरपूर धान्य खाणाऱ्या, अंगाने चांगल्या कोकरांनाच गाठतो, आणि या खेपेची लस झालेली नव्हती. पण आंत्रविषारात पिल्लू संध्याकाळी खेळत असतं आणि सकाळी मेलेलं सापडतं. इथे पाच-सहा दिवसांत हळूहळू उतरत गेलेला कळप होता. मेलेल्यांपैकी एक फाडून पाहिलं. कोठीपोट, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराचं पहिलं मोठं पोट, मक्याच्या आंबलेल्या लापशीने गच्च भरलेलं, आतलं अस्तर बोटाने सोलून निघत होतं. अस्तराचा पुरावा मी धरला नाही, कारण मेल्यावर काही तासांत ते तसंही सुटतं. लापशी मात्र विसरण्यासारखी नव्हती.

मग गव्हाणीशी बसून विचारलं, कुठल्या दिवशी काय घातलं. पहिल्या दिवशी कडब्याची कुट्टी आणि मूठभर भरडा. चौथ्या दिवसापासून प्रत्येकी जवळजवळ अर्धा किलो मका, तोही गिरणीतून बारीक दळून आणलेला, सकाळी एकदम. कोकरं आवडीने खातात म्हणून कुट्टी कमी केलेली. पहिल्या दिवसापासून खुराकात ती हर्बल पावडर. पाकिटावर दिवसाला १० ग्रॅम लिहिलं होतं. त्याने दुप्पट घातली. "झाडपाल्याचंच हाय, नुकसान काय व्हनार," असं त्याला दुकानदारानेही सांगितलं होतं.

मी पाकीट हातात घेतलं. रिठा, शिकेकाई, ओवा, लसूण, सुंठ, चित्रक, कडुनिंब, अशी नावं होती. कशाचं किती प्रमाण, याचा एक आकडाही नव्हता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की पोटातले जंतू साफ होतात आणि वजन वाढतं. मेंढीच्या बाबतीत ही दोन विधानं एकत्र बसत नाहीत. मेंढी जे खाते त्यावर आधी तिच्या पोटातले जीव जगतात आणि ते जगतात म्हणून ती जगते. कडब्यातला काष्ठतंतू फोडणारं एकही विकर (एन्झाइम) तिचं स्वतःचं शरीर तयार करत नाही. ते काम फायब्रोबॅक्टर आणि रुमिनोकोकस कुळातले जिवाणू करतात, थोडं बुरशी करते. त्यातून ॲसिटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक ही आम्लं निघतात, कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात आणि मेंढीला मिळणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग तिथून येतो. असे जंतू साफ केल्यावर उरतं ते भुकेलं जनावर.

गाडीत माझी साधी सूक्ष्मदर्शी असते. नळी घालून पाच आजारी कोकरांच्या कोठीपोटातला रस काढला. सामूच्या (पीएच) पट्टीवर तो पाचच्या थोडा वर दिसला; हा आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त. नळीने काढलेल्या रसात लाळ मिसळते आणि लाळ आम्लारी असते, म्हणजे खरा सामू दिसतो त्याच्याही खाली असणार. निरोगी मेंढीचा सहा ते सातच्या मध्ये राहतो. तुलनेसाठी आबांच्या खांडातली एक जुनी मेंढी धरली आणि तिचाही रस घेतला. काचपट्टी तळहातावर कोमट करून त्या रसाचा थेंब आधी बघितला. दिव्याभोवती पावसाळ्यात पाकोळ्या घोंगावतात तसे आदिजीव, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म प्राणी, तिथे गिरक्या घेत होते, छोटे, मोठे, काहींच्या अंगावरच्या केसांची लव हलताना स्पष्ट दिसत होती. आबांना बघायला दिलं. ते बराच वेळ डोळा लावून राहिले आणि म्हणाले, "आनि ह्ये सगळं आमच्या मेंढीत?" मग कोकराच्या रसाचा थेंब ठेवला. हलणारं काहीही नव्हतं. काही रिकामी कवचं, मक्याचे पिठूळ कण, आणि पार्श्वभूमीला जिवाणूंची दाट धूळ. पाचही कोकरांत तेच.

हे असं कसं झालं, त्यातला एक भाग निर्विवाद आहे. मक्याचं पीठ एकदम आलं की स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस नावाचा जिवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होत जातो आणि लॅक्टिक आम्ल सोडतो. ते आम्ल खाऊन टाकणारे जिवाणूही असतात, मेगास्फेरा एल्सडेनी, सेलेनोमोनास. पण त्यांची संख्या वाढायला दिवस लागतात, आठवडे लागतात. चौथ्या दिवशी अर्धा किलो मका देताना ते पुरेसे नव्हते. सामू साडेपाचच्या खाली गेला की काष्ठतंतू फोडणारे जिवाणू थांबतात, आदिजीव मरतात, आणि पाचच्या जवळ लॅक्टोबॅसिलस ताबा घेतात. ते आम्लातही मजेत राहतात आणि आणखी आम्ल सोडतात. तिथून परतीचा रस्ता जनावराला स्वतःहून सापडत नाही.

दुसरा भाग मी अनुमान म्हणून सांगते, पण मला त्यात तथ्य वाटतं. कोठीपोटातले आदिजीव स्टार्चचे कण अख्खे गिळतात आणि आत साठवून सावकाश पचवतात. तेवढा स्टार्च स्ट्रेप्टोकोकसच्या तोंडी लागत नाही. मक्याच्या दिवसांत हे आदिजीव म्हणजे ब्रेक असतात. आदिजीव काढून टाकलेल्या जनावरांत धान्याने आम्लता जास्त वेगाने होते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. आता रिठा आणि शिकेकाई बघा. दोन्हींत सॅपोनिन असतं, त्यानेच फेस येतो, म्हणूनच आपल्या आज्या त्यांनी केस धुवायच्या. सॅपोनिन आदिजीवांच्या आवरणातल्या कोलेस्टेरॉलला चिकटतं आणि आवरण फाटतं. जिवाणूंच्या आवरणात कोलेस्टेरॉल नसतं, म्हणून ते बऱ्याच अंशी वाचतात. म्हणजे या शेडमध्ये नेमक्या मका वाढवण्याच्या आठवड्यात, दुप्पट मात्रेने, ब्रेक काढण्याचं औषध चालू होतं. एकटा मकाही एवढं करू शकला असता, यात शंका नाही. पण पावडरने मदत केली नाही एवढंच म्हणून मी थांबू शकत नाही. तिने नुकसानीला हातभार लावला असावा, असंच माझं मत आहे.

आणखी एक गोष्ट इथे आहे. सॅपोनिनचा हा परिणाम फार दिवस टिकत नाही. दोन-तीन आठवड्यांत कोठीपोटातले जिवाणू त्याची साखर तोडायला शिकतात आणि ते निष्प्रभ होतं. म्हणजे पावडर सर्वांत जास्त लागू पडते ती पहिल्या दोन आठवड्यांत, आणि कोकरू सर्वांत नाजूक असतं तेही त्याच दोन आठवड्यांत.

उपचार सांगते, पण मात्रा मुद्दाम देत नाही, त्या आपल्या पशुवैद्यकाने जनावर बघून ठरवाव्यात. मका आणि पावडर त्याच मिनिटाला बंद. सगळ्यांना फक्त कोरडी कुट्टी आणि स्वच्छ पाणी. आजारी कोकरांना खाण्याचा सोडा पाण्यात कालवून नळीने, शिरेतून सलाईन, आणि जीवनसत्त्व ब-१ चं इंजेक्शन, कारण आम्लतेत कोठीपोटात ब-१ तयार होणं बिघडतं आणि मेंदूवर परिणाम होऊन पिल्लू आंधळ्यासारखं गोल फिरू लागतं. दुपारी सामू सहाच्या वर आल्यावर पुढचं काम केलं. आबांच्या तीन तगड्या मेंढ्यांचा कोठीपोटातला रस काढला, मलमलच्या फडक्यातून गाळला, थर्मासमध्ये ठेवला आणि लगेच कोकरांना पाजला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी रस आणि मग सोडा दिला असता, तर आत गेलेले आदिजीव आम्लात मेले असते. त्या संध्याकाळी आणखी एक कोकरू गेलं. बाकीची वाचली. तिसऱ्या दिवशी एक कोकरू उभं राहून रवंथ करताना दिसलं आणि त्या पोराने मला त्याचा फोटो पाठवला, नुसता फोटो, खाली एक शब्दही नाही.

आबांना या रस पाजण्याचं नवल वाटलं नाही. रवंथ तुटलेल्या जनावराच्या तोंडात निरोगी जनावराचा रवंथ घालतात, हे त्यांनी वडिलांकडून ऐकलेलं होतं. यावर एक खरी हकिगत मी त्यांना सांगितली. सुबाभूळ हे चाऱ्याचं झाड आपल्याकडे पसरवण्यात उरळीकांचनच्या बाएफ या संस्थेचा मोठा वाटा आहे, म्हणून ती आपल्याला माहीत आहे. तिच्या पाल्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असतं. ऑस्ट्रेलियात जनावरांना भरपूर सुबाभूळ घातली की त्यांचे केस गळायचे, गलगंड व्हायचा. हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत असायच्या. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाला फरक शेळ्यांत नसून त्यांच्या कोठीपोटात असावा असं वाटलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईतल्या शेळ्यांच्या पोटातले जीव ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत घातले आणि ती जनावरं वाचली. त्यातला एक जिवाणू पुढे वेगळा काढला आणि १९९२ मध्ये जोन्स यांच्या नावावरून त्याचं सिनर्जिस्टिस जोन्सी असं नामकरण झालं. आबा म्हणाले, "म्हंजी जुनी मेंढी कळपात ठेवायची ती ह्याच्यासाठीबी." मला तेव्हा दुसरं काही जोडायचं सुचलं नाही.

आठवडाभराने कोकरं सावरली तेव्हा त्या तरुणाने जे विचारलं ते योग्य होतं. "म्हंजी मॅडम, औषधी वनस्पती समद्या वायाच का?"

वाया नाहीत. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालायला बंदी केली आणि जगभर या वनस्पतींवर काम सुरू झालं ते खऱ्या गरजेपोटी. आपल्याकडेही २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत कोलिस्टिन हे प्रतिजैविक वापरायला बंदी आली. ओव्यातला थायमॉल जिवाणूंच्या आवरणाला भोकं पाडतो. लसणातली गंधकयुक्त द्रव्यं मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना दाबतात. बाभळीच्या शेंगांतलं टॅनिन प्रथिनाला कोठीपोटात झाकून ठेवतं, आणि पुढच्या खऱ्या पोटात, जिथे आम्ल तीव्र असतं, ते प्रथिन मोकळं होतं. यातला प्रत्येक परिणाम प्रयोगशाळेत दिसलेला आहे. प्रश्न किती द्यायचं आणि कधी द्यायचं, याचा आहे.

त्याच्यासमोर वहीत हिशेब मांडला. ओव्याच्या दाण्यात साधारण २ ते ४ टक्के सुगंधी तेल असतं आणि त्याचा जवळपास निम्मा भाग थायमॉल. ५ ग्रॅम ओवा म्हणजे ७०-७५ मिलिग्रॅम थायमॉल धरू. पंधरा किलोंच्या कोकराच्या कोठीपोटात दोन-तीन लिटर खाद्य-पाणी असतं. म्हणजे एका लिटरला २५ ते ३५ मिलिग्रॅम. काचेच्या नळीत कोठीपोटातला रस घेऊन केलेल्या प्रयोगांत ठळक बदल दिसतात ते लिटरला काही शे मिलिग्रॅमला, आणि तेवढ्या मात्रेला चांगले जिवाणूही दबतात, पचनच मंदावतं. वर कोकराच्या पोटातलं पाणी सतत पुढे सरकत असतं, नळीतलं सरकत नाही. त्याने वहीकडे बघितलं आणि म्हणाला, "मंग बघूया की करून."

तसं आम्ही केलं. आधी चार आठवडे फक्त रेशन बसवलं. कुट्टी आणि तुरीचा भुसा गव्हाणीत कायम. मका जाडा भरडून, १०० ग्रॅमपासून, दर तीन-चार दिवसांनी ५० ग्रॅमने वाढवत, दिवसातून तीन वेळा भुश्यात मिसळून. सोबत शेंगदाणा पेंड, मीठ आणि चुनखडीची पूड, कारण नर कोकरांना धान्यावर मूतखडे होतात आणि स्फुरदाच्या दुप्पट कॅल्शियम लागतं. क्षारमिश्रण मेंढ्यांचंच घेतलं. गाईचं घेतलं नाही, कारण त्यात तांबं जास्त असतं आणि मेंढीच्या यकृतात ते साठून विष होतं. आंत्रविषाराची लस टोचली. लेंड्या मिठाच्या पाण्यात तरंगवून तपासल्या आणि ज्यांच्यात जंतांची अंडी जास्त होती त्यांनाच औषध दिलं.

मग ३३ पैकी एक अशक्त कोकरू बाजूला ठेवून १६-१६ चे दोन कप्पे केले. एका कप्प्याला खुराकात रोज प्रत्येकी ३ ग्रॅम ओव्याची भरड, दुसऱ्याला काही नाही, बाकी सगळं सारखं. सहा आठवडे. दर पंधरा दिवसांनी सकाळी पाणी पाजायच्या आधी वजन.

पहिले तीन दिवस ओव्याच्या कप्प्यात खुराक उरला. मेंढीला वास लगेच कळतो आणि अनोळखी वासाला ती तोंड लावत नाही. चौथ्या दिवसापासून दोन्ही गव्हाणी सारख्याच साफ होऊ लागल्या. सहा आठवड्यांनी दोन्ही कप्प्यांच्या सरासरी वजनात जो फरक आला तो एका कोकराने पाणी प्यायल्यावर पडतो त्याहूनही कमी होता. उलट एकाच कप्प्यातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान कोकरातला फरक कितीतरी जास्त. १६ कोकरांवरून कुणी निष्कर्ष काढू नये, पण एवढ्या फरकासाठी पावडरचे पैसे मोजावेत असं मला तिथे दिसलं नाही. ओव्याच्या कप्प्यात पातळ लेंडी कमी दिसली असं तो म्हणतो. शक्य आहे. पण लेंडी बघणारा तोच होता आणि ओवा कुठल्या कप्प्यात आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून ते मी नोंदीत ठेवलं, निकालात घेतलं नाही. पुढच्या वेळी लेंडी बघायला आबांना बसवायचं आणि त्यांना कप्पा सांगायचा नाही, असं ठरलं.

दोन्ही कप्प्यांतल्या कोकरांच्या रसाचे थेंब शेवटी एकदा बघितले. आदिजीव सगळीकडे परत आले होते, आबांच्या मेंढीइतकेच दाट. २०१५ मध्ये ३५ देशांतल्या ३२ जातींच्या प्राण्यांचे ७४२ नमुने तपासून एक मोठं काम प्रसिद्ध झालं होतं. त्यात जगभरच्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या कोठीपोटात जिवाणूंचा मुख्य संच बऱ्याच अंशी सारखाच निघाला, आणि बदल घडवण्यात खाद्याचा हात प्राण्याच्या जातीपेक्षा मोठा दिसला. वस्तीवरच्या त्या शेडमध्ये काचपट्टीवर मी तेच बघत होते. आबांच्या मेंढ्यांचा रस, मग कुट्टी, भुसा आणि तीन वेळचा मका, एवढ्यावर ते परत आले होते.

माझी खंत दुकानाच्या बाजूची आहे. तीन कोकरं गेली ती त्या पोराच्या घाईने, हे खरं. पण पाकिटावर घटकांचं प्रमाण लिहिलेलं असतं, मका वाढवण्याच्या काळात देऊ नका अशी एक ओळ असती, तर त्याने दुप्पट मात्रा दिली नसती. तो वाचणारा मुलगा आहे. त्याने पाकीट दोन्ही बाजूंनी वाचलं होतं.

परवा त्याचा पुन्हा फोन आला. नवीन खेप आणली होती, ४० कोकरं. पहिले दहा दिवस ती त्याने आबांच्या जुन्या मेंढ्यांबरोबर एकाच वाघरीत, जाळीच्या कुंपणात, ठेवली, एकाच गव्हाणीवर खाऊ घातली. आज बारावा दिवस, मका अजून २०० ग्रॅमवरच. "आबा म्हनत्यात बाभळीच्या शेंगा पडाय लागल्यात, घालू का थोड्या?" मी म्हटलं, घाला, पण वाळवून, भरडून, खुराकाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत, आणि मका स्थिर झाल्यावर. पलीकडून आबांचा आवाज आला, "इच्चार, वजन कवा करायचं." मी सांगितलं, सोमवारी सकाळी, पाणी पाजायच्या आधी.